हनुवटीची तीन शिफ्टमधली राखण

मला दाढी येते. मिशी म्हटलं असतं तर चार बायकांत खपून गेलं असतं, पण खरं ते सांगावं: हनुवटीवर, डाव्या बाजूला, अकरा राठ केस.

पंचविसाव्या वर्षापर्यंत ते मी चिमट्याने उपटत होते. मग महूचं स्थळ सांगून आलं. मुलगा पीथमपूरच्या नव्या कारखान्यात इंजिनियर! इकडे बाबांची मिल बंद पडून दीड वर्ष झालेलं. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्यासारख्या मिलवाल्यांच्या घरांशी सोयरीक करायला कुणी वाट वाकडी करत नव्हतं. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही असं ठरलं आणि अकरा केसांना लेझरची शिक्षा झाली. लेझर तेव्हा इंदूरात नुकतंच आलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद दिला. महिनाभर चिमटा बंद, आदल्या दिवशी दाढी करून यायचं, नंतर ऊन नको, वाफ नको, हळद-बेसन नको, दर तीन तासांनी सनस्क्रीन. तो कागद मी बाबांच्या हातात दिला. (माझी पहिली चूक.) बाबा स्पिनिंग खात्यात जॉबर होते. पंचवीस माणसांवर नजर ठेवायची सवय, आणि आता ठेवायला नुसती माझी हनुवटी!

"मुलगी दाढी करणार?" आई किंचाळली.

"हळू बोल! मिलमध्ये साचा चालू करायच्या आधी सफाई होते की नाही?" बाबा म्हणाले आणि स्वतःचा रेझर माझ्यापुढे धरला. "नवं ब्लेड घातलंय. उलटा हात मारू नकोस."

बुधवारी लेझर झालं. रविवारी महूची मंडळी येणार होती. हनुवटीवर लाल ठिपके उठले. दोन-चार दिवसांत जातील, फक्त ऊन लागू देऊ नका, नाहीतर काळे डाग पडतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झालं! बाबांनी मिलमधला शेवटचा मांजरपाटाचा तागा फाडून सगळ्या खिडक्या बंद केल्या. गजराचं घड्याळ उशाशी आलं. दर तीन तासांनी आरोळी, "चला, ग्रीसिंग!" आणि माझं तोंड पांढरंफेक. वाफ नको म्हणून फोडणी बंद. हळद घराबाहेर. आम्ही पांढरं वरण खात होतो, आणि आई बाबांशी बोलत नव्हती.

शुक्रवारी शेजारच्या चौबे चाचींनी मांजरपाट बाजूला सारून आत डोकावलं. अंधारी खोली, चुना फासल्यासारखा चेहरा, त्यातून डोकावणारे लाल ठिपके.

"हाय राम! क्या हुआ बेटी को?"

आता काय सांगायचं? चाची, दाढी केली? मी पटकन म्हटलं, "माता निकली है।"

(आमच्या मालव्यात कांजिण्यांना माता म्हणतात. मातेच्या घरात पाहुणा पाऊल ठेवत नाही. म्हटलं, चार दिवस शांतता. स्वतःच्या हुशारीवर मी भारी खूश होते.)

संध्याकाळपर्यंत दारावर कडुलिंबाची डहाळी लागली. गल्लीतल्या बायका उंबऱ्यावर दहीभात ठेवून, हात जोडून, उलट्या पावली परत गेल्या. बाबांना सगळं पसंत पडलं. "बरं झालं. येणंजाणं नाही, धूळ नाही." रविवारी सकाळी मी डहाळी काढून टाकली. वाऱ्याने पडली असेल, म्हणून चाचींनी दोन नव्या बांधल्या आणि स्वतः ओट्यावर राखणीला बसल्या.

आई हळदीविना पांढरे पोहे परतत असताना बाहेर ऑटो थांबली.

"कहाँ चले, भिया? लड़की को माता निकली है!"

"अगंबाई! चला, चला मागं!" हा बहुधा मुलाच्या आईचा आवाज.

ऑटो पुन्हा सुरू झाल्याची घरघर ऐकू आली. बाबा अनवाणी धावले.

"अहो, थांबा! माता नाही हो!"

"मग काय झालंय?"

माझे बाबा कधी खोटं बोलले नव्हते. आणि तीस वर्षं मशिनींच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. गल्लीच्या मधोमध उभं राहून ते ओरडले,

"दाढी केलीये तिने!"

ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं. परदेशीपुऱ्यात एवढी शांतता मिल बंद झाली त्या दिवशीसुद्धा नव्हती.

मी पलंगाखाली शिरायच्या बेतात होते, तेवढ्यात मुलगा एकटाच आत आला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला मांजरपाटाच्या अंधारात बसलेली पाहून तो जरा गंभीर झाला, पांढरे पोहे खाल्ले आणि एवढंच विचारलं, "ब्लेड कोणतं वापरता?"

मग त्याची आईही आली. आधी माझी हनुवटी बघितली, मग पोहे. पोह्यांबद्दल सासूबाई अजून बोलतात.

पन्नाशीत ते अकराच्या अकरा परत आलेत, येताना नातेवाईक घेऊन. नवरा म्हणतो, पुन्हा लेझर कर. पण आता बाबा नाहीत. ग्रीसिंग कोण करणार? सकाळी आरशापुढे आम्ही दोघं रेझर घेऊन शेजारी उभे राहतो. पंचवीस वर्षांत त्याला एवढं एकच नीट शिकवता आलंय मला: उलटा हात मारायचा नाही.