गणपतीतली राखण

गेम आहे ना काका, एवढं काय मनावर घेता, असं मला आजही कोणी ऐकवलं की माझं डोकं फिरतं. गेम आहे हे मलाही कळतं. ठाण्याच्या खोपट एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून तीस वर्षं होत आलीत माझी, खरी गाडी कुठली आणि कागदावरची कुठली एवढी अक्कल मला आहे. पण त्या गेममध्ये आम्ही एका बाईला फसवलं, आणि ते फसवणं काही खोटं खोटं नव्हतं. त्यात माझाही हात होता.

गेम मोबाइलवरचा. जुन्या काळचे विलायती किल्ले, तिरंदाज, घोडेस्वार, दार फोडायचे ओंडक्यांचे गाडे. प्रत्येकाने आपला किल्ला वाढवायचा, धान्य साठवायचं, सैन्य ठेवायचं आणि दुसऱ्याचा किल्ला घ्यायचा. पाय फ्रॅक्चर होऊन घरी पडलेलो तेव्हा मुलीने मोबाइलमध्ये घालून दिलेला. म्हटली, बाबा, तुम्ही सगळ्यांवर ओरडताय, त्यापेक्षा हे खेळा.

मला तो गेम जमला याचं कारण माझी नोकरी. त्यात सैन्य पाठवलं की लगेच पोचत नाही, रस्ता चालतं. घोडेस्वार दोन तासांत जातील तिथे गाड्यांना सहा तास लागतात. शत्रूच्या दारात पाच जणांचं सैन्य एकाच मिनिटाला पोचवायचं तर कोणी किती वाजता सोडायचं, हे आधी मांडावं लागतं. अरे, मी जन्मभर दुसरं केलंय काय? ड्यूटी शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी वेळा मांडायचो, फोटो काढून ग्रुपवर टाकायचो, आणि पोरं त्याप्रमाणे सैन्य सोडायची. आयटीत लाखांनी पगार घेणारी पोरं मला काका, जरा टाइमिंग बघा ना म्हणायची. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतची आम्ही वीसेक माणसं. गेममध्ये अशा टोळीला अलायन्स म्हणतात, आम्ही सरळ मंडळ म्हणायचो. महिन्यातून एका रविवारी सकाळी डेपोसमोरच्या हॉटेलात बसायचो. मिसळ येईपर्यंत तिरंदाज भिंतीवर ठेवायचे की दारात यावरून भांडण, मिसळ संपली की पुढची चाल. शेजारच्या टेबलावरचे लोक आमच्याकडे बघायचे, कारण सैन्य कापून काढू, त्याचं धान्य जाळू, असलं आम्ही पाव मोडता मोडता बोलायचो.

मंडळाचा प्रमुख बाळकुमच्या एका टॉवरमध्ये राहणारा. वय तिशीचं, डोकं सुरीसारखं, ते मी नाकारत नाही. शत्रू रागावला की कुठे चुकेल हे त्याला आधी दिसायचं. फक्त मला काका म्हणायचा आणि काम साहेबासारखं सांगायचा. मीही ऐकायचो.

मंडळातला सगळ्यात जुना किल्ला होता डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा. कल्याणजवळ मोहने गावात कारखान्यात होते, रिटायर झाल्यावर गेममध्ये आलेले. शांत माणूस, कधी आगाऊ चाल नाही, पण त्यांच्या दारावर कोणी चालून गेलं तर मार खाऊनच परतायचं. पोटाच्या आजारात गेले. आम्ही समजलो, आता किल्लाही पडणार. महिन्याभराने त्यांच्याच नंबरवरून ग्रुपवर मेसेज आला, 'मी ह्यांची मिसेस. धान्य संपत आलंय. काय करायचं?'

मी दोनदा टाइप करून पुसलं. शेवटी लिहिलं, वहिनी, दोन गिरण्या वाढवा.

वहिनींना काही येत नव्हतं असं नाही. गेममध्ये प्रत्येक किल्ल्याला एक वही असते, मालकाने आपल्या नोंदी लिहायला. किल्ला गेला की त्याची वहीही जाते. त्यांच्या मिस्टरांनी आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या ती वही बायकोसाठी भरून ठेवलेली. सोमवारी धान्य बघ. उत्तरेच्या दारावरचे तिरंदाज कमी करू नकोस, तिकडचा माणूस लबाड आहे. अडलं तर डेपोवाल्यांना विचार. मधेच, तुझी बीपीची गोळी घेतलीस का? पुढे परत घोडेस्वार. हे मला माहीत, कारण मी ती वही वाचलेली.

वाचलेली ती राखणीमुळे. गणपतीत आमचं अर्धं मंडळ कोकणात जातं. गावात रेंज नाही, माणूस आठ-दहा दिवस गायब, आणि शत्रूला आमचा सण कुठे माहीत असणार? म्हणून जाणाऱ्यांनी आपला पासवर्ड मागे राहणाऱ्याला द्यायचा, त्याने किल्ला सांभाळायचा. याला आम्ही राखण म्हणायचो. राखणदार बहुतेक वेळा मीच. एक तर मी घाटावरचा, दुसरं म्हणजे गणपतीत एसटीच्या माणसाला सुट्टी मागायचीही सोय नाही. सगळ्या कोकणाला मी गावाला पोचवायचो आणि त्यांचे किल्ले माझ्या मोबाइलमध्ये.

त्या वर्षी वहिनी निघाल्या तेव्हा डेपोतच भेटल्या. पासवर्ड घडी केलेल्या कागदावर लिहून आणलेला. त्यांना गाडीत बसवून दिलं. राजापूरच्या आतलं गाव त्यांचं.

गौरी येणार होत्या त्याच्या आदल्या दिवशी दुपारी प्रमुखाचा मेसेज आला. उद्या संध्याकाळी सहाला काकूंच्या, म्हणजे वहिनींच्या, किल्ल्यातून सगळं सैन्य बाहेर काढा, एक माणूस ठेवू नका. मी फोन केला. तेव्हा त्याने मला सगळा डाव सांगितला. मंडळातला कल्याणचा एक जण गेले पंधरा दिवस आमच्याशी ग्रुपवर भांडत होता, ते सगळं नाटक होतं. तो शत्रूला जाऊन मिळाल्यासारखं करून सांगून आलेला, डोंबिवलीचा जुना किल्ला रिकामा पडणार आहे. शत्रू त्यावर सगळं सैन्य घेऊन येणार. आणि तो इकडे आलेला असताना आम्ही त्याचे घरचे तीन किल्ले उचलायचे.

डाव चोख होता. त्याचाच मला आता जास्त संताप येतो.

मी विचारलं, वहिनींना सांगितलंस? तर म्हणाला, "काका, तिकडे रेंज नाही. आणि विचारलं तर रडारड होणार. गेम आहे, इमोशनल नका होऊ."

मी काय करायला हवं होतं? फोनवरच त्याची अशी हजेरी घ्यायला हवी होती की परत काका म्हणायची हिंमत झाली नसती. मी म्हणालो, ठीक आहे, वेळा मांडतो.

तीस वर्षांची सवय. वरून आदेश आला की तो रजिस्टरला चढवायचा आणि गाडी सोडायची. पटलं नाही तर चहा पिताना शिव्या घालायच्या, पण गाडी वेळेवर सोडायची. स्वतःला प्रामाणिक नोकर म्हणवून घेत आलो आणि त्यातून हे असलं शेपूट घालणं अंगात भिनलं.

आणि रेंज नाही हे मी ऐकून घेतलं? मी? राजापूरची गाडी रोज संध्याकाळी माझ्यासमोरून सुटते. कोकणातल्या अर्ध्या गावांना मी ड्रायव्हरच्या हातून औषधं, चष्मे, लग्नाच्या पत्रिका पाठवल्यात. दोन ओळींची चिठ्ठी दिली असती तर सकाळी फाट्यावरच्या दुकानात पडली असती, आणि दुपारच्या आत वहिनींनी रेंज मिळते त्या टेकाडावर चढून मला फोन लावला असता. हातात चोवीस तासांहून जास्त वेळ होता. त्या संध्याकाळी ड्रायव्हरने मला विचारलंही, साहेब, काही द्यायचंय का. मी नाही म्हटलं. डोक्यातच आलं नाही असं मी कोणाला सांगत नाही, कारण ते खोटं आहे. आलेलं. नकार आला तर एवढा डाव फुकट जाईल, असंही त्याच्याबरोबरच आलेलं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी कंट्रोल रूममध्ये बसून वहिनींचं सैन्य बाहेर काढलं. उत्तरेच्या दारावरचे तिरंदाजही. साडेसातला शत्रू आत शिरला. आमचं सैन्य त्याच्या तिन्ही दारांत एकाच मिनिटाला पोचलं, माझं टाइमिंग होतं ते. चिडून त्याने वहिनींचा किल्ला ठेवलाही नाही, पाडून टाकला. ग्रुपवर फटाके, गुलाल, मोदक, काय काय चित्रं येत होती. माझ्या नावाने जयजयकार चाललेला. मी मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला आणि समोरच्या कंडक्टरवर उगाच खेकसलो.

विसर्जन झाल्यावरच्या रविवारी सगळे हॉटेलात जमले. गावाहून आलेल्यांनी राखणदाराला खाऊ आणायचा अशी रीत. वहिनींनी माझ्यासाठी फणसपोळी आणि कोकमाच्या आगळाची बाटली आणलेली. त्या सकाळीच गाडीतून उतरून सरळ इकडे आलेल्या, ग्रुप की गेम काहीच उघडून बघितलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना अजून कळलं नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं, सगळे मूग गिळून बसलेले. प्रमुखाने हसत हसत सांगून टाकलं, काकू, तुमच्यामुळे जिंकलो आपण, तीन किल्ले, त्यातला मोठा तुम्हाला देतोय. वर मिसळ मागवली.

तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला मी भर हॉटेलात काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वेटर थांबले. तो कल्याणचा पोरगा मधे पडला तर त्याचंही सगळं काढलं. प्रमुख शांतपणे म्हणाला, "काका, सैन्य तुम्हीच काढलंत ना?"

मी खाली बसलो.

वहिनी रडल्या नाहीत. तो म्हणालेला तशी रडारड वगैरे काही झालीच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वहीपण गेली?"

मी हो म्हटलं.

"भावजी, विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "ह्यांना असली चाल आवडली असती. वही तेवढी उतरवून घेतली असती मी."

प्रमुख मिसळीत चमचा फिरवत राहिला. वहिनींनी पर्समधून मोबाइल काढला, माझ्यापुढे धरला आणि पासवर्ड कुठून बदलतात ते दाखवायला सांगितलं. त्यांना ते येत नव्हतं. मी दाखवलं, इथे दाबा, मग जुना टाका, मग खाली नवीन. त्या एकेक अक्षर शोधून टाकू लागल्या, आणि मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसलो.