बंगल्याच्या काचंचं चिमणाळं

सांगायचं न्हवतं मला. पर लेक ऐकतीय व्हय? पाव्हणं आलं, च्या ठेवला, की हिचं सुरू, "आबा, माझ्या काविळीचं सांगा!" ऐका मग. आन हसू नका.

साल एकसष्ट-बासष्टचं. साताऱ्याला एक जुना बंगला पाडायच्या कामावर हुतो. खिडकीच्या पिवळ्या काचा मुकादम फेकून द्याया निघालेला. त्या मी पोत्यात भरल्या. बायकू सांगलीला म्हायेरी बाळंत झालेली. पैली पोर काविळीनं गेली, ही दुसरी. हिच्यासाठी काचंच्या कडा दगडावर घासल्या, तांब्याच्या तारंत ववल्या आन सासुरवाडीत पाळण्यावर चिमणाळं टांगलं. सोन्यावानी पिवळं, लय झ्याक!

उन्हं कलली, खिडकीतनं पाळण्यावर आली. मी वट्ट्यावर तंबाखू मळतोय, तवर आतनं मेव्हणा ज्ञानू वरडला, "आवं दाजी! पोरगी पिवळी पडलीया!"

पळालो. बघतो तर काय! तोंड पिवळं, हात पिवळं, डोळ्याचं पांढरं बी पिवळं. सासूबाईंनी हंबरडा फोडला. बायकू भिताडाला टेकून नुस्ती बसली.

पोर दुपट्यात तोंडासकट गुंडाळली आन गल्लीतल्या तात्यांकडं धूम ठोकली. म्हातारा कावीळ उतरवायचा.

"तात्या, वाचवा!"

त्यांनी अंगणात दुपटं उघडलं. "कुटं हाय रं कावीळ? पोरगी गाजरावानी लाल हाय. तूच पांढराफटक पडलाईस!"

जीवात जीव आला. घरी आणून पाळण्यात ठिवली. तर पुन्हा पिवळी!

"उलटली, दाजी!" मेव्हणा म्हणाला.

आता तात्यांनाच हाताला धरून वडत आणलं. म्हातारा पाळण्याशी बसला. पोरीकडं बघितलं. मग सोताच्या धोतराकडं. मग मान वर केली.

"गड्या, माझ्या धोतराला बी कावीळ झालीया. आदी ते वरचं उतरव."

उतरवलं. पोर खुदकन हसली. बायकू मातुर तवा रडली.

काच टांगली मी, ते सोडा. पर वरडला कोण? वर बघाया काय झालतं त्याला?

बरं, तितं मिटावं का न्हाई? ह्याच पोरीच्या हळदीला, भरल्या मांडवात, त्यो परत वरडला, "आवं दाजी, पोरगी पिवळी पडलीया!" सगळा मांडव हसला. आन मी? मी पाटावनं नवरीला उचलून पळाया वाकलो! कंबर धरली, ती आजून सोडत न्हाई.

त्या कमरंची तरी माफी मागाया पायजे का नको त्यानं? ज्ञानूनं?