यमुनाच्या पायांची वाट

घोटीजवळच्या घराला कुलूप लावून लेकानं, सुनीलनं, मला नाशिकला आणलं, त्या दिवशी दारापासून डांबरी रस्त्यापर्यंत यायलाच लय वेळ लागला. तो वैतागला, "नाना, चला ना! गाडी उन्हात तापतीये." कसा चलू? पुढं कोणी नव्हतं.

गावातल्यांना हे माहीत आहे. गाव सोडून गेलेल्यांसाठी लिहितो. मी फौजेत सॅपर होतो. पूल बांधायचे, रस्ते करायचे, लढाईत जमिनीत पुरलेले सुरुंग काढायचे. सातवीपर्यंत शिकलेल्या मला तिथं एक धडा पक्का दिला: पुढच्यानं पाय ठेवला तिथंच आपला ठेवायचा. माझ्या पुढचा जोडीदार एकदा जरासा बाजूला गेला. त्याचं पुढचं लिहीत नाही.

लढाई संपली, सुट्टीवर आलो, तर भाताच्या बांधावरचं गवत बघून पाय उचलेना. बायको यमुना पुढं झाली. "माझ्या पावलावर ठेवा." तेव्हा आमच्याकडं बाई नवऱ्याच्या मागंच चालायची. पारावरून आवाज यायचा, "काय रं फौजी, लढाई बी बायकोच्या आडूनच केली का?" ती मागं न बघता म्हणायची, "तुम्ही तर पारावरनंच लढताय, बसा."

पुढं मनमाडला रेल्वेत लागलो. रुळांच्या खडीवर बिनघोर हिंडायचो. गावी आलो की पुन्हा गवत, पुन्हा ती पुढं. तिचे गुडघे गेले तरी तीच. "तू आता बसून राहा" म्हटलं की म्हणायची, "मग तुम्ही घरी पोचाल का?"

ती गेली आणि माझ्या वाट्याला फ्लॅट आला. लिफ्ट, टाइल्स, पार्किंग. माती औषधाला नाही. सून म्हणते, "नाना, खाली वॉक घ्या." घेतो वॉक! पार्किंगातल्या सिमेंटच्या ब्लॉकवरनं गोल गोल, कुठंच न पोचता. घरी जायचं म्हटलं की सुनील म्हणणार, "एकटे? वाटेतच अडकाल."

पावसाळा सरल्यावर भांडून त्याला गावी न्यायला लावलं. वाट गवतात गडप. घर समोर, किल्ली खिशात, आणि मी रस्त्यावर उभा. सुनील म्हणाला, "ब्लॉक टाकून घेऊ, टेन्शन संपलं." लय शिव्या घातल्या. तिच्या पायांनी पडलेली वाट ती, ब्लॉकखाली गाडायची?

मग तो पुढं झाला. ढांगा अशा, की माझा पाय पोचेना. ओरडलो, "लहान टाक गाढवा, आईसारखी!"

तो थांबला. मागं आला, बूट काढले, आणि पहिल्यापासून चालायला लागला. लहान पावलं टाकत.

मी गावीच राहिलोय. शेजारीण भाकरी आणून देते. सुनील रविवारी येतो, ती वाट तेवढी चालून देतो, माझ्या शिव्या खातो. त्या वाटेच्या बाहेर मी पाऊल टाकत नाही. पारावरचे म्हणतात, ही तर कैद. असू दे. नाशिकला सगळीकडं फिरता यायचं, पण तिथं माझ्या पुढं कोणी चाललेलं नव्हतं.