आबांनी दिलेला ताबा

सरकार नावाच्या गोष्टीवर जीव ओवाळून टाकणारा एकच माणूस मी इंदापूर तालुक्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या साडूचा बाप निघाला. आबा सरकारी नोटीस टोपी घातल्याशिवाय वाचत नसत. तहसीलात अकराची तारीख असली की पहिल्या एसटीने जाऊन झाडणाऱ्याच्याही आधी बाकावर बसत. साहेबांचा खोळंबा नको. गुरं मोजायला आलेला माणूस एक रेडकू लिहायला विसरला, तेव्हा आबांनी सायकलवरून भवानीनगरपर्यंत त्याचा पाठलाग करून ते लिहवून घेतलं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला सरकारी गोदामांसाठी हमरस्त्यालगतची चौघांची रानं संपादनात गेली. आबांचं तर होतं नव्हतं तेवढंच रान. निवाडा झाला आणि सर्कल, तलाठी ताबा घ्यायला आले. एकाने कुत्रं सोडलं, दुसऱ्याने बांधावर सासूला झोपवून ती शेवटच्या घटका मोजतेय असं सांगितलं, तिसरा नरसिंहपूरला देवाला निघून गेला. आबांनी मात्र ज्वारी काढून रान मोकळं केलं, हद्दीच्या दगडांना चुना फासला, साहेबांना पोहे खाऊ घातले आणि ताबापावतीवर सही केली. साडूने कपाळ बडवलं, तर त्यालाच म्हणाले, "द्यायचंच हाय, तर तोंड वाकडं करून कशाला द्यायचं?"

दोन वर्षांनी सरकारचा बेत फिरला. गोदामं नकोत. ज्यांचा ताबा घेतला नव्हता ती तिन्ही रानं संपादनातून सुटली आणि सासूवाल्याने तर ऊसही लावला. आबा मला घेऊन बारामतीच्या कचेरीत गेले. तिथला कारकून भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, "आबा, ताबा घेतला तवाच जमीन कायमची सरकारची झाली. आता सोडता येत न्हाय."

"पर सरकारला ती नको हाय न्हवं?"

"नको हाय."

"आन् मला पायजे."

"व्हय."

चहा निवून गेला.

रानात आता वेड्या बाभळी माजल्यात. पेरून टाकू, कोण बघतंय, असं साडू दर पावसाळ्यात म्हणतो. आबा मान हलवतात. परवा गेलो तेव्हा त्यांची शेळी त्या रानात शिरली होती आणि आबा रस्त्यावर उभे राहून तिला हाका मारत होते. मी म्हटलं, आत जाऊन धरा की.

"माजं न्हाय ते," आबा म्हणाले, आणि शेळी आपणहून बाहेर येईपर्यंत तिथेच उन्हात उभे राहिले.