ताप बघणाऱ्या मेट्रन

मेट्रन कुठल्याही मशीनला आधी पालथा हात लावायच्या. कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर, मग बाजूला, मग मागे पंख्याच्या तोंडाशी. डोळे मिटलेले. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर माझं गेमिंग कॅफे आहे, तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरला हा हात लागलेला आहे. मलासुद्धा एकदा लागला. मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. मेट्रन मध्ये आल्या, माझ्या कपाळाला हात लावला आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "ताप नाहीये. म्हणजे स्वभावच आहे. तुम्ही बसा."

कल्याणच्या एका इस्पितळातून त्या मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. मूळच्या उत्तनकडच्या ख्रिस्ती, नवरा गेल्यावर इथे आमच्या मागच्या इमारतीत एकट्या राहायच्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला पहिल्यांदा आल्या. माझं दुकान झेरॉक्सपासून वाढलेलं आहे. दुसऱ्याच्या मशीनवर झेरॉक्स काढत शिकलो, मग स्वतःचा कोपरा, मग सायबर कॅफे, मग हे. त्यामुळे दाखले, प्रिंट ही कामं मी अजून सोडलेली नाहीत. त्या दिवशी प्रिंटर अडला. शेजारी गाड्यांच्या शर्यतीचा गेम चालू होता आणि खेळणारा पोरगा वडापाव आणायला उठला होता. मेट्रन त्याच्या खुर्चीत बसल्या, स्टिअरिंग धरलं आणि त्याचा सातवा नंबर तिसऱ्यावर आणून ठेवला. पोरगा वडापाव हातात धरून उभाच राहिला.

"गाडी चालवता तुम्ही?" मी विचारलं.

"छे. ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे. अर्धं आयुष्य. शेजारी बसणाऱ्याला रस्ता जास्त कळतो."

त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की त्या यायच्या. पोरं त्यांच्यामागे उभी राहून बघायची. त्यांचं एक वाक्य तर दुकानात म्हणच झालं होतं. कुणी वळणावर बिचकला की मागून कुणीतरी म्हणायचं, "माफी मागत ओव्हरटेक करू नये रे." ते मेट्रनचं.

आता भागीदाराबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव मी माझ्या दुकानात घेत नाही, इथेही घेणार नाही. कॅफे आम्ही दोघांनी मिळून उभं केलं. केबल ओढताना भिंतीला भोकं मी पाडली, फर्निचरवाल्याशी, वायरमनशी, जागामालकाशी घासाघीस मी केली. हा काउंटरवर बसून गोड बोलला. आणि दुकान चालायला लागल्यावर एक दिवस उठून ठाण्याला गेला, घोडबंदर रोडला काचेचं मोठं कॅफे काढलं आणि आमची निम्मी पोरं तिकडे ओढली. त्याचाही राग मी कदाचित गिळला असता. पण तो माझ्या गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "तिकडच्या मशीनवर ऑम्लेट होतं."

खोटं नव्हतं, ते जास्त लागलं. माझी मशीन जुनी, तापायची, शर्यत ऐन रंगात आली की अडखळायची. पोरंही मला ऐकू येईल असं "शेठ, अंडी आणू का?" म्हणायला लागली. अशात भागीदाराने ठाण्यात शर्यतीची स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक कॅफेने स्वतःचं मशीन आणायचं आणि स्वतःचा खेळाडू. मला मेसेज पाठवला, त्याखाली एक ओळ: "येताना टेबलफॅन आण."

मी तो मेसेज मेट्रनना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला. "मशीन नवं करा," म्हणाल्या. "गाडी मी चालवते." तिथल्या तिथे ठरलं. ठाण्याच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, माझं मशीन अखेरपर्यंत चालायला हवं. मध्येच बंद पडलं तर माझं दुकान कायमचं ऑम्लेटचं दुकान होणार होतं.

सुट्या भागांसाठी मी डीलरला इतका पिळला की तो शेवटी म्हणाला, "शेठ, मलाच घेऊन जा." सगळ्यात तगडा प्रोसेसर घेतला. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, आणि जितका तगडा तितका तापट. त्याच्या डोक्यावर कूलर बसवायचा असतो, मध्ये पांढरी पेस्ट लावून. ते काम मेट्रननी कुणाला करू दिलं नाही. हात धुऊन, पदर खोचून बसल्या. "मलम वाटाण्याएवढं," त्या म्हणाल्या. "थापलं म्हणून लवकर बरं होत नाही." कूलरचे स्क्रू टाके घातल्यासारखे हळू फिरवले. बटण दाबलं, आत निळे दिवे लागले, पंखे फिरले आणि दुकानातल्या सगळ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. लग्नातसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

गेम सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसत होता. साठ, ऐंशी, नव्वद, तो थांबेचना. शंभराला टेकला आणि मशीन पटकन बंद. परत लावलं, परत बंद.

मी डीलरला फोन लावला. डुप्लिकेट माल, चोर, दुकानाला कुलूप लावीन, जे तोंडाला आलं ते बोललो आणि फोन आपटला. मेट्रन शांतपणे स्क्रू काढत होत्या.

"ताप म्हणजे आजार नव्हे हो. आत काहीतरी बिघडलंय हे सांगायला आलेला असतो. त्याचं ऐकून तर घ्या."

त्यांनी कूलर उचलला, उलटा केला आणि थांबल्या. त्याच्या तळाला पातळ, पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं होतं. वर मलम, खाली प्लास्टिक. उष्णता जाणार कुठून?

आम्हा लोकांना नव्या वस्तूचं प्लास्टिक काढवत नाही. मेट्रन तर त्यातल्या राणी. त्यांच्या घरी फ्रिजच्या हँडलला प्लास्टिक, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, सोफ्यावर बसलं की करकर आवाज. नवऱ्याच्या स्कूटरच्या सीटवर कंपनीचं कव्हर ऊन खाऊन पिवळं पडलेलं, तरी जागेवर. कूलरच्या तळाचं प्लास्टिक त्यांना दिसलं असणार. ते काढायचं असतं हे त्यांच्या मनातही आलं नसणार.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. प्लास्टिक सोललं, जुनं मलम पुसलं आणि कूलर परत बसवला. मग हात पुढे केला. "फोन द्या."

"कशाला?"

"ज्याला शिव्या दिल्यात त्याला."

"राहू द्या हो. त्याने दुसरीकडे कुठेतरी फसवलंच असेल."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "दादा, तुमचा माल चांगला आहे. आमचे मालक तेवढे गरम आहेत." आयुष्यात मी एकाही दुकानदाराची माफी मागितलेली नाही, ती माझ्या नावावर त्या दिवशी मागितली गेली. तो डीलर अजून भाव सांगण्याआधी विचारतो, "आज मालक गरम आहेत की थंड?" त्यामुळे माझं जे नुकसान झालंय, ते मेट्रनकडून कसं वसूल करणार?

प्लास्टिक गेलं, ताप उतरला. पण लांबच्या शर्यतीत आकडा पुन्हा हळूहळू चढायचा. मेट्रन माझ्या देव्हाऱ्यासमोरून पेटलेली उदबत्ती घेऊन आल्या आणि कॅबिनेटच्या पुढे-मागे धरली. धूर पुढूनही आत, मागूनही आत. मागचा पंखा उलटा बसलेला होता. "पाहुणे दोन्ही दारांनी येतायत, जात कुणीच नाही," त्या म्हणाल्या. पंखा फिरवून लावला, तर धूर पुढून आत शिरून मागून सरळ रेषेत बाहेर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर पोरांकडून शिकून घेऊन, सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरला मिळणारी वीज त्यांनी जराशी कमी केली. मी भडकलो. एवढा तगडा घेतला तो काय उपाशी ठेवायला?

"उपाशी नाही, पथ्यावर," त्या म्हणाल्या. "बघा आता."

पूर्ण शर्यत झाली. आकडा सत्तरच्या आसपास राहिला आणि गाडी कुठेही अडखळली नाही. मी त्या दिवशी सगळ्या दुकानाला चहा पाजला. कुणी मागितलेला नसताना.

स्पर्धा रविवारची. मेट्रन चर्चमधला पहाटेचा मिसा आटोपून, पांढरे बूट घालून टेम्पोत बसल्या, कॅबिनेट मांडीवर. ठाण्याच्या हॉलमध्ये एवढी गर्दी की एसी नावालाच. आमचं टेबल दाराजवळ, कोपऱ्यात मुद्दाम टाकल्यासारखं. भागीदाराचं मधोमध. त्याचं मशीन सगळीकडून काचेचं, रंग बदलणारे दिवे, आणि मागे भला मोठा फ्लेक्स. त्यावर नगरसेवक, नगरसेवकांचे दोन बंधू आणि स्वतः भागीदार, हात जोडून.

मेट्रननी पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली. लोक आमच्या कोपऱ्याकडे सरकायला लागले. "आजी कुठल्या?" "डोंबिवली." मी ते पुन्हा पुन्हा ऐकत होतो. अंतिम फेरीला उरले दोघे, आमच्या मेट्रन आणि भागीदाराचा खेळाडू. आणि फेरी सुरू होण्याआधी भागीदाराचं मशीन बंद पडलं.

त्याने परत चालू केलं. गेम उघडायच्या आत परत बंद. नियम त्यानेच छापले होते: मशीन चाललं नाही तर बाद. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी मात्र त्याच्याकडे मनसोक्त बघत होतो.

मेट्रन उठल्या.

मी त्यांचा हात धरला. "मेट्रन, बसा."

"त्याला ताप आहे."

"तो आपला पेशंट नाही."

"कुणाचा पेशंट ते केसपेपरवर असतं, मालक. कपाळावर नसतं."

आणि गेल्या. काचेला पालथा हात लावला, मग मागे घातला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. फ्लेक्स मशीनच्या पाठीला चिकटला होता. गरम हवा जायची जागाच त्याने बंद केली होती. टेबल पुढे घ्यायला जागा नव्हती, पुढे गर्दी.

"हा फ्लेक्स काढा," मेट्रन म्हणाल्या.

"काढता येणार नाही हो. नगरसेवक येतायत."

"मग इथे खिडकी पाडते." त्यांनी पर्समधून कात्री काढली.

"अहो, अहो, तिथे त्यांच्या बंधूंचा चेहरा आहे."

"आणि हा शेजारचा कुणाचा?"

भागीदाराने वळून बघितलं. "माझा," तो म्हणाला.

"चालेल ना?"

तो बाजूला सरकला. मेट्रननी जोडलेल्या हातांपासून केसांपर्यंत त्याला चौकोनी कापून काढला. मागून गरम हवेचा झोत बाहेर आला, तो मला लांबून जाणवला नाही, पण लोकांनी "ओ" केलं ते ऐकू आलं. मशीन सुरू झालं. सुरूच राहिलं.

ती शर्यत मी उभ्याने बघितली. दोन गाड्या, एकमेकींना चिकटून. मेट्रन पुढे, मग तो पुढे, मग घाटातल्या वळणावर मेट्रननी गाडी आतून अशी काही घुसवली की आमची पोरं खुर्च्यांवर चढली. मी कुणाचा तरी खांदा इतका दाबला की तो माणूस ओरडला. शेवटचा सरळ रस्ता. मेट्रन पुढे. तो मागून आला, आला, आणि रेषेवर त्याच्या गाडीचं नाक एक बोटभर आधी पोचलं.

मेट्रन हसत उठल्या, त्या खेळाडूच्या पाठीवर थाप मारली. परतीच्या टेम्पोत मी शिळफाट्यापर्यंत तोंड फिरवून बसलो.

"आपलं मशीन बंद पडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कितीवर होतं?"

"एकाहत्तर."

"मग झालं तर." आणि त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

ऑम्लेटचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही, हे मान्य. ठाण्याला गेलेली काही पोरं मेट्रन खेळताना बघायला परत आली, हेही मान्य. पण जिंकलेला सामना माझ्या ताटातून उचलून त्यांनी त्याच्या ताटात वाढला, हे मी मनातून सोडलेलं नाही. तसं मी त्यांना सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, "नका सोडू. धरून चालायला काहीतरी लागतंच माणसाला."

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि वसईच्या बहिणीने त्यांना बोलावून घेतलं. दुकानात येणं जमेना तेव्हा ते मशीन मी त्यांच्या घरी लावून दिलं होतं, तेच त्या सोबत नेणार होत्या. निघायच्या दिवशी इमारतीची लिफ्ट बंद. मी वर पोचलो तर दारात भागीदार उभा. त्यालाही त्यांनीच बोलावलं होतं.

"मला एका माणसाचा भरवसा नाही," मेट्रन आतून म्हणाल्या. "दोघांनी धरा."

आम्ही कॅबिनेट दोन बाजूंनी धरून जिना उतरलो. मी खाली, तो वर.

"डावीकडे घे," मी म्हणालो.

"दिसतंय मला."

"दिसत असतं तर ठोकलं नसतंस."

कितीतरी वर्षांनंतरचं हे आमचं पहिलं बोलणं. मेट्रनना शेजाऱ्यांनी आमच्या आधी खुर्चीत बसवून खाली उतरवलं होतं, त्या टेम्पोत बसल्या होत्या. आम्ही मशीन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी एकदा माझ्या कपाळाला हात लावला, एकदा त्याच्या, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल रे, खड्डे बघून."

टेम्पो वळला. आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला उभे. तो जाईना, म्हणून मीही जाईना.

"त्या दिवशी त्या उठल्या नसत्या," भागीदार म्हणाला, "तर तू जिंकला असतास."

"जिंकलोच असतो."

"हो," तो म्हणाला.

ज्या माणसाकडून मला आयुष्यात एक खिळासुद्धा घासाघीस केल्याशिवाय मिळाला नव्हता, त्याने हे "हो" पहिल्या बोलीतच दिलं.  समोर चहाची टपरी होती. मी तिकडे चालायला लागलो आणि तो मागून येतोय की नाही हे वळून बघितलं नाही. पण चहावाल्याला दोन बोटं दाखवली.