मुखडा कुणी उचलायचा

चंपाबाई साळवे यांनी अडतीस वर्षं मांडवामांडवांतून गाणं म्हटलं, पण कुठल्याही गाण्याची पहिली ओळ कधी म्हटली नाही. पहिली ओळ नवऱ्याची. मोतीराम साळवे म्हणजे गायन पार्टीचे मुख्य गायक. गीतं त्यांनी लिहिलेली, चाली त्यांनी बांधलेल्या. डावा हात कानावर ठेवून त्यांनी मुखडा उचलायचा, ढोलकीची थाप पडायची आणि मागच्या सतरंजीवर बसलेल्या चंपाबाईंनी त्या ओळीचं शेपूट धरून झील द्यायची. झील म्हणजे मागून साथीला येणारा आवाज. लोकांची नजर तिकडं जात नाही, टाळी समोरच्याला पडते. पण ती झील काढून घ्या, गाणं थंडीत उघड्यावर उभं राहिल्यासारखं दिसतं.

काय दिवस होते ते! भीमजयंतीच्या महिन्यात एक रात्र घरी काढायला मिळायची नाही. हॅलोजनचा पिवळा उजेड, त्याभोवती किडे, समोर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं, आणि मोतीरामांचा तो आवाज, माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

मोतीराम जाऊन चार वर्षं झाली. ढोलकी वाजवणारा कचरू त्यांच्याही आधी गेला. उरली एक वही. एकशेबारा गाणी, मोतीरामांच्या गोल अक्षरात. पण वहीत शब्द असतात, चाली नसतात. एक कॅसेट होती, तिला बुरशी लागली. म्हणजे आता सगळ्या चाली एकाच गळ्यात, आणि तो गळा सदुसष्ट वर्षांचा. गेल्या थंडीतल्या खोकल्यानं त्यालाही खरखर आली.

"आई, तू आहेस तोवर..." पुण्याहून लेक विशाखा फोनवर म्हणाली आणि थांबली. पुढचं दोघींनाही कळलं.

तिनं ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर भावसिंगपुऱ्यातल्या आईच्या घरी आणून बसवला आणि गेली. गाणी रेकॉर्ड करायचं बाकीचं सामान आणायला चंपाबाई गुलमंडीच्या आतल्या गल्लीत सोमनाथकडं गेल्या. त्याचे वडील मोतीरामांची पेटी दुरुस्त करायचे. पोरानं आता माईक, वायरी, हेडफोन मांडले होते.

"काय काकू, रीलं काढता का?" सोमनाथ हसला.

"व्हय, नाचून बी दाखवते. तू ढोलकी धर. माईक दे आधी. त्यो भारीतला दाखव, चकाकतो त्यो."

"त्यो नका घेऊ. लई कान हायेत त्याला. शेजारचा कुकर, गल्लीतलं कुत्रं, समदं पकडतो. हा घ्या, स्टेजवरचा साधा. तोंडाजवळ धरला का फक्त तुमचं ऐकतो."

"आन् कॉम्प्युटरला कसा जोडायचा?"

"हा डबा मधी लावायचा. एकानं वापरून परत दिला, चांगला हाय. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विशाखाताईला सांगा, उतरवून देतील. आन् हे बटन बघून ठेवा. हेडफोनात तुमचाच आवाज उशिरा आला तर हे दाबायचं, लगेच ऐकू येतो."

विशाखानं फोनवरून सगळं शिकवलं. रेकॉर्ड करायच्या की वर चंपाबाईंनी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, थांबायच्या की वर दोन. खोलीत दोरी बांधून तिन्ही बाजूंना गोधड्या टांगल्या. पाणी यायच्या दिवशी गल्लीभर मोटारी घुमायच्या, त्या दिवशी काम बंद. एरवी दुपारी अडीच ते चार. फ्रिजची वायर काढायची, पंखा बंद करायचा आणि मे महिन्याच्या उकाड्यात, गोधड्यांच्या मधोमध, एकटं बसायचं.

पहिल्याच दिवशी हेडफोनात त्यांचा आवाज किंचित मागून आला. जणू सतरंजीवर कुणीतरी येऊन बसलंय आणि झील देतंय. सोमनाथचं बटन त्यांना आठवत होतं. त्यांनी दाबलं नाही. घरात तेवढाच एक दुसरा आवाज होता.

आठ दिवसांनी त्यांनी पहिलं गाणं विशाखाला पाठवलं. मोतीरामांनी आपल्या आईवर लिहिलेलं. ती म्हातारपणी प्रौढांच्या वर्गात जाऊन सही शिकली, त्याचं गाणं. पंधरा मिनिटांत फोन वाजला.

"आई, काहीतरी चुकलंय गं. आधी किती वेळ काहीच नाही. मग तू एकदम म्हणतेस, 'निघाली शाळेला गं, निघाली शाळेला.' परत काहीच नाही. परत 'निघाली शाळेला'."

"चुकलं नाय बाई. ती तुझ्या अण्णांची जागा हाय."

विशाखानं तो तुकडा पुन्हा लावून ऐकला.

"आई," विशाखा हळूच म्हणाली, "चाल तर त्या जागेतच आहे ना? नुसत्या झिलीवरून कुणाला काय कळणार?"

"मला मुखडा येत नाय."

"येत नाही?"

"येतो. म्हनता येत नाय."

फोन ठेवून चंपाबाई बसून राहिल्या. दौलताबादचा कार्यक्रम आठवला. याच गाण्यात, ऐन मुखड्याला मोतीरामांचा घसा बसला होता. पेटी फिरून फिरून त्याच जागी येत होती, कचरू थाप देऊन वाट बघत होता, मोतीरामांनी मागं वळून एकदा बायकोकडं पाहिलं. चंपाबाईंना अक्षर न् अक्षर पाठ होतं. त्या मान खाली घालून बसल्या. कार्यक्रम तिथंच मोडला. परतीच्या टेम्पोत मोतीराम बसक्या आवाजात म्हणाले होते, "चंपे, तू का नाय उचललं?"

"तुमचं गानं हाय ते."

"माझ्या एकट्याच्या बापाचं हाय का ते? आन् आई तर तुझी बी सासूच व्हती की!"

सगळी पार्टी हसली होती. मोतीराम मात्र सगळ्यांबरोबर हसले नव्हते, हे चंपाबाईंना इतक्या वर्षांनी, त्या बंद पंख्याखाली दिसलं.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता त्यांनी पहिल्यांदा सोमनाथचं बटन दाबलं. मागं बसलेलं माणूस उठून गेलं. हेडफोनात आता त्या एकट्याच. विशाखानं सांगितल्याप्रमाणे जुन्या झिलीखाली नवा ट्रॅक उघडला आणि लाल ठिपका दाबला.

मोकळी जागा आली. त्या गप्प राहिल्या. झील येऊन गेली. दुसरी जागा आली, तीही गेली. चौथ्या वेळी स्वतःचीच झील कानात आली तेव्हा त्यांना ती ओशाळल्यासारखी वाटली, मुखड्यावाचून आलेली. त्यांनी दोन ठिपके दाबले, पाणी प्याल्या, पुन्हा सुरू केलं. डावा हात आपोआप कानाकडं गेला, तिथं हेडफोन होता. त्यावरच धरला.

"डोईचं गवत ठेवून माय निघाली शाळेला..."

आवाज 'ठेवून'वर फाटला. पण ओळ संपली आणि नेमक्या त्याच क्षणी झील आली: निघाली शाळेला गं. जागा केसभरही कमी-जास्त नव्हती. मनात मोतीरामांना ऐकत ऐकतच तर त्यांनी ती मोकळी सोडली होती! मग त्या थांबल्या नाहीत. पाचही कडवी म्हटली.

एक जागा मात्र अजून उरली होती, अगदी सुरुवातीची. तिथं मोतीराम नावं पुकारायचे. चंपाबाईंनी तीही सोडून ठेवली होती. त्यांनी गाणं परत सुरुवातीला नेलं, लाल ठिपका दाबला आणि माईक ओठांजवळ घेतला.

"जयभीम. गीत मोतीराम साळवे यांचं. चाल त्यांचीच. आन् म्हननार..."

पडद्यावरची रेघ सरळ पुढं जात राहिली.

"म्हननार चंपाबाई साळवे."

त्यांनी गाणं विशाखाला पाठवलं. वही उघडून दुसऱ्या गाण्याच्या पानावर पेन्सिल ठेवली. मग हेडफोन काढला. टाळी पडायची ती वेळ. एवढ्या वर्षांच्या सवयीनं कान तिकडं लागलेच. गोधड्या हलल्यासुद्धा नाहीत. चंपाबाई उठल्या आणि त्यांनी पंखा लावला.