गुडघ्याची बाहेरची बाजू

माझ्या साडभाऊनं मला फसवलं. एकदा नाही, सलग दोन वर्षं, रोज सकाळी सहा वाजता, धाम नदीच्या काठानं माझ्या शेजारी चालत चालत फसवलं. पवनारला रस्त्यावर माझं मोटरपंप आणि ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. एका लाकडी पेटीवर बसून पंक्चर काढण्यापासून मी सुरुवात केली, आणि आजवर मला कोणी लुबाडलं नाही. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्यांना मी त्यांच्याच चहात बुडवून आलोय. आणि मला फसवलं कोणी, तर तळेगावच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, भाजीवालीनं सांगितलेला पहिला भाव मुकाट्यानं देऊन वर तिला ‘धन्यवाद’ म्हणणाऱ्या माणसानं.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही म्हणतो. गुरुजींच्या मते माणसाच्या शरीरात खरी वस्तू एकच, ती म्हणजे कूर्चा. हाडासारखी टणक नाही, मांसासारखी मऊ नाही, दाबली तर दबते आणि सोडली तर जागेवर येते. हाडं, रक्त, मेंदू ही सगळी देवानं नंतर केलेली भरती. पोटातलं बाळ आधी कूर्चेचंच असतं, हाड मागाहून भरतं, असं ते सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की जणू ती योजना त्यांना विचारूनच आखली होती. बारशाला लोक बाळाच्या हातात काहीबाही ठेवतात. गुरुजी बाळाचा कान हळूच दुमडून सोडतात. कान टुणकन सरळ झाला की म्हणतात, “एक नंबर!” बाळाच्या आजीचा जीव तोवर वरखाली होत असतो. माझ्या पुतणीला पाहायला मुलगा आला, तेव्हा सगळे त्याच्या नोकरीचं विचारत होते आणि गुरुजी त्याच्या नाकाकडे टक लावून बसले होते. शेवटी राहवलं नाही. “बेटा, नाकाचं हाड अर्ध्यातच संपते, पुढचं सारं कूर्चा हाय. दाबून पाहू काय?” लग्न जमलं, पण तो जावई आजही गुरुजी दिसले की रुमाल नाकाला लावतो.

कांदा-लसूण न खाणारा हा माणूस रविवारी वर्ध्याच्या बाजारात मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभा राहायचा. नंबर आला की म्हणायचा, “मटण नको, फक्त ढोपराचा सांधा द्या, अन जरा जपून तोडजा, घासू नका.” ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. ताईंनी दारातच पाण्याचा तांब्या धरला आणि विचारलं, “शाळेतून रिटायर झाले न तुम्ही? मंग हे कायले?” गुरुजी तसेच परत फिरले आणि सांधा डब्यात घालून माझ्या दुकानात आले. काउंटरवर बेरिंगच्या खोक्यांमध्ये त्यांनी तो मांडला. “पाहा शेठ, याच्याहून गुळगुळीत माल हाय काय तुमच्याकडं?”

मी बोट फिरवून पाहिलं. खोटं कशाला बोलू, नव्हता. निळसर, चकचकीत, ओली काच जशी. माझा गोंधळ त्या दिवशी सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. मी धंद्याचा माणूस, दोन लोखंडांमध्ये बुश असतं, बुशाला ग्रीस लागतं, झिजलं की बदलायचं, एवढं मला कळतं.

“याले ग्रीस कोण देते?” मी विचारलं.

“सांध्यातच चिकट पाणी असते.”

“अन रक्त?”

“याच्यात रक्ताची नळी नाई.”

“नस?”

“तेही नाई.”

“ना वायर, ना पाइप, मंग हे जित्तं कसं राह्यते हो?”

“स्पंजासारखं हाय शेठ. वजन पडलं का पिळते, वजन उचललं का पाणी पिते. तेच त्याचं जेवण. माणूस चालला तर जेवते, बसून राह्यला तर उपाशी.”

मी म्हटलं, बरं, झिजलं तर नवीन कुठं मिळतं? गुरुजी म्हणाले, मिळत नाही, शरीर ते पुन्हा तसं बनवत नाही. आता मला सांगा, ज्या पार्टवर सगळं शरीर उभं, त्याचाच स्टॉक ठेवायचा नाही, हा कुठला धंदा? तो कारखाना चालवणाऱ्याला मी दोन शब्द सुनावले असते, पण गुरुजी त्याचे एजंट असल्यासारखे नुसते हसत राहिले.

कूर्चेच्या तीन जाती, आणि त्या तिन्हींत त्यांनी आमचं सगळं घर बसवलं होतं. माझी बायको कानातली, लवचिक. कितीही वाकवा, सोडलं की आपल्याच मूळ मतावर येते. ताई मणक्यांच्या मधली, दोऱ्यादोऱ्यांनी घट्ट विणलेली, दोन हाडांचा भार सोसते आणि बोलत नाही. मी विचारलं, “अन मी?” म्हणाले, “तुम्ही सांध्यातले. काचेवाणी. गुळगुळीत, पण एकदा घासलं का भरून येत नाई.” ही स्तुती होती की टोमणा, याचा हिशोब मला आजही लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी पंप उघडायला मी उकिडवा बसलो आणि उठलोच नाही. उजव्या गुडघ्यानं साफ नकार दिला. दोघांनी काखेत धरून उभं केलं. दवाखान्यात गेलो, एक्स-रेचा फोटो काढला. तो पाहायच्या आधीच डॉक्टर ऑपरेशनचं बोलायला लागला. मी विचारलं, दोन्ही गुडघे जोडीनं केले तर काय लावाल? तो म्हणाला, इथं भाव होत नाही. मी म्हणालो, मग गुडघाही होत नाही, आणि फोटो घेऊन तरातरा, म्हणजे लंगडत, बाहेर आलो. दुकानात गुरुजी होतेच. मी फोटो त्यांच्यापुढे टाकला.

“खरं सांगा. संपलं असन तर उद्याच शटर पाडतो न खाटेवर बसतो. मले अर्धवट जगता येत नाई.”

गुरुजींनी फोटो दाराच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग बोट ठेवलं. “हे पाहा, दोन हाडांच्या मधात काळी फट.”

“इथी तर काहीच नाई!”

“तेच तर! कूर्चा फोटोत येत नाई. फट दिसली म्हणजे ती हाय असं समजायचं. हाय शेठ अजून तुमची.”

रिकामी जागा म्हणजे माल! चाळीस वर्षांत मी कोणाकडून असा सौदा घेतला नव्हता. पण त्या दिवशी घेतला. दुसऱ्या दिवशी सहाला गुरुजी दारात हजर, “चला शेठ, कूर्चेले जेवू घालू.” तेव्हापासून रोज नदीच्या काठाकाठानं जाऊन परत यायचं. पहिल्या महिन्यात मी वाटभर शिव्या दिल्या. त्यांनी श्वासनळीच्या कड्या समजावल्या. मी आणखी शिव्या दिल्या. त्यांनी घशातल्या कूर्चेच्या झाकणाचं सांगितलं, जे घास गिळताना श्वासाची वाट बंद करतं, आणि मी जेवताना भांडतो म्हणून माझ्या झाकणाची त्यांना फार काळजी वाटते, असंही सांगितलं. सहा महिन्यांनी मी शिडी चढून वरच्या फळीवरचा माल काढायला लागलो. गुडघा कुरकुरायचा, पण काम करायचा.

यंदा बायकोचा पाय मुरगळला म्हणून एका नव्या डॉक्टरकडे गेलो. पोरगीच होती, माझ्या मुलीएवढी. तपासणी फुकट वाया कशाला घालवा, म्हणून माझा जुना फोटोही पुढे केला. तिनं तो दिव्यावर लावला.

“काका, हा दोन वर्षांपूर्वीचा? आतल्या बाजूला तर तेव्हाच काही राह्यलं नव्हतं. हाडाले हाड टेकून हाय. बाहेरच्या बाजूला कूर्चा बरी हाय.”

मी जवळ गेलो. गुरुजींनी बोट ठेवलं होतं ती फट बाहेरच्या बाजूची होती. आतल्या बाजूवर त्या दिवशी त्यांचा अंगठा होता.

मी तिथंच खुर्चीवर बसलो. वापरलेली मोटर विकताना मी पोचे आलेली बाजू भिंतीकडे करतो आणि रंगाची बाजू गिऱ्हाइकाकडे. निवृत्त झाल्यापासून गुरुजी रोज संध्याकाळी माझ्या दुकानात स्टुलावर बसायचे. मला वाटायचं, पेपर वाचतात. वर ती पोरगी म्हणते, दुखणं कमी झालं असेल तर चालण्यानं मांडीला जोर आलाय, चालत राहा. “मंग कूर्चा परत आली?” “नाही काका, गेलेली गेली.” जे गेलं ते गेलेलंच, मग सुधारलं काय? तिनं पुन्हा समजावलं. मला पुन्हा समजलं नाही.

त्याच संध्याकाळी भर दुकानात, तीन गिऱ्हाइकं उभी असताना, मी फोटो गुरुजींच्या मांडीवर फेकला.

“कोणती बाजू दाखवली होती मले?”

“बाहेरची.”

“अन आतली?”

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला. “आतली तुम्ही विचारली नाई, शेठ.”

हे माझंच वाक्य. मोटर परत घेऊन येणाऱ्या माणसाला मी नेमकं हेच ऐकवतो. एक गिऱ्हाईक खो खो हसलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “उठा माझ्या स्टुलावरून! मास्तरकी करा, धंदा नका शिकू!” ते उठले. त्यांनी पेपरची घडी घातली, चपला शोधल्या आणि गेले. माझ्याशी भांडायचं आणि आवाज चढवायचा नाही, ही तर दुसरी फसवणूक.

पाच आठवडे झाले. दोघी बहिणी फोनवर कुजबुजतात आणि मी खोलीत गेलो की भाजीचं बोलायला लागतात. परवा बायको म्हणाली, “त्या दिवशी त्याईनं खरं सांगतलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?” मी म्हणालो, “तुले काय कराचं?” पण शटर पाडलं असतं. ते तिला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि फोटो उजेडात धरून बराच वेळ उभा राहिलेला तो माणूसही बहुधा हेच मोजत होता. की हे मी आता त्याच्या बाजूनं जुळवतोय? की त्याला फोटो वाचताच येत नव्हता आणि अंगठा चुकून पडला? पण मग ‘विचारली नाई’ का म्हणाला? काही म्हणजे काही कळत नाही.

मी अजून जातो सहाला, एकटा. वाट तीच, नदी तीच, वजन तेवढंच, म्हणजे स्पंजही तेवढाच पिळला पाहिजे. पण अर्ध्या वाटेवर गुडघा धरतो आणि मी परत फिरतो. कूर्चेत नस नसते, ती दुखत नाही, हे मला पाठ आहे. तर मग हे दुखतं काय? सोमवारी गुरुजी मला पलीकडच्या काठावर दिसले. गावातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याला बरोबर घेऊन चालले होते, एक मूठ दुसऱ्या तळहातावर फिरवून सांधा समजावून सांगत होते. शिंपी मान डोलवत होता, शिव्या देत नव्हता. माझं जुनं गिऱ्हाईक समोरच्या दुकानाची पायरी चढताना दिसावं, तसं मला झालं. ते दोघे दिसेनासे होईपर्यंत मी उभा होतो.

आता हे मी लिहून ठेवतोय, कारण तोंडी विचारायला गेलो तर पुन्हा आवाज चढेल. गुरुजी, आतल्या बाजूला काही उरलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं. मग मी दोन वर्षं चाललो ते कशाच्या भरवशावर? डॉक्टरीण सांगते ते मला पटत नाही. जबाब तुम्हाला द्यावा लागेल, आणि तो समोर येऊन द्यावा लागेल. सकाळी सहाला.